गुलमंडीवरचे तंबाखूचे दुकान : आमची वाटचाल

२००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे, त्यामुळे या लेखात आमच्या दुकानाचे नाव येणार नाही. शहरात ज्यांना ते ठाऊक असायला हवे त्यांना ते ठाऊक आहे, आणि बाकीच्यांनी ते शोधत यावे अशी आमची इच्छाही नाही. वाटचाल मात्र लिहायला घेतली, कारण छत्रपती संभाजीनगरात सिगारची पारख कोणी रुजवली याविषयी अलीकडे जे बोलले जाते, त्यात आमचा उल्लेख कोठेच नसतो. आणि ज्यांचा असतो त्यांनी काय माल विकला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे.

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दुकान थाटले तेव्हा औरंगाबाद हैदराबाद संस्थानातून बाहेर पडून फार काळ लोटला नव्हता. तपकीर, जर्दा, विड्या आणि चारमिनारची पाकिटे हा मुख्य माल होता. जुन्या काळातले काही वकील आणि निवृत्त अंमलदार मात्र दिंडीगल आणि तिरुचिरापल्लीचे चिरूट मागत, आणि अण्णा ते मद्रासहून पार्सलने मागवीत. चिरुटाला टोपी, म्हणजे तोंडाकडच्या टोकावर चिकटवलेले पान, नसते, तो दोन्ही टोकांनी उघडा असतो, त्यामुळे आत काय भरले आहे ते विकत घेणाऱ्याला समोर दिसते. अण्णा प्रत्येक चिरूट अंगठा आणि दोन बोटांमध्ये धरून शेंड्यापासून बुडापर्यंत हलकेच दाबत जायचे आणि मध्ये कोठे पोकळ लागला तर तो बाजूला टाकायचे. हा हात आम्ही त्यांच्याकडूनच उचलला. त्यानंतरची बरीच वर्षे धंदा नीट चालला आणि त्यात सांगण्यासारखे काही नाही.

सिगारचा खरा व्यापार सुरू झाला तो वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत परदेशी तंत्रज्ञांची ये-जा वाढल्यावर. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आला, वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक आधीपासून होतेच, आणि स्टेशन रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलाने आमच्याकडे नियमित मागणी नोंदवली. अडचण एकच होती, ती म्हणजे आपली हवा. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान लागते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि हवेत ओलाव्याचे नाव नसते, तर ऑगस्टमध्ये भिंतींना ओल धरते. उन्हाळ्यात उघड्यावर राहिलेल्या सिगारचे रॅपर, म्हणजे सगळ्यांत बाहेरचे पान, उकलते आणि तंबाखूतली तेले उडून जातात. पावसाळ्यात तीच सिगार फुगते, तिच्यातून धूर ओढला जात नाही आणि पुढे बुरशी चढते.

यावर उपाय म्हणून आम्ही मिस्त्रींना बोलावले. मिस्त्रींनी सिगार कधी ओढली नव्हती, परंतु लाकूड त्यांच्याइतके जाणणारा माणूस आम्हाला पुन्हा भेटला नाही. त्यांनी केलेले कपाट आजही दुकानात उभे आहे. बाहेरून पाडलेल्या वाड्याचे जुने सागवान आहे आणि आतून मुंबईहून आणवलेल्या स्पॅनिश सीडरच्या पातळ फळ्या आहेत. आतल्या बाजूला पॉलिश नाही, डिंकाचा थेंब नाही, सगळे सांधे खोबणीचे आहेत. ज्याने त्याने देवदार स्वस्त पडेल असा सल्ला दिला. मिस्त्रींनी वाद घातला नाही; देवदाराचा एक तुकडा दोन-तीन सिगारांबरोबर डब्यात बंद करून काही दिवस ठेवला आणि सल्ला देणाऱ्यांपैकी एकालाच त्यातली एक पेटवायला दिली. त्यानंतर देवदाराचा विषय दुकानात निघाला नाही. दार पक्के बसले की नाही हे पाहण्यासाठी ते फटीत कागद धरून दार लावीत आणि कागद ओढून पाहत. कागद सुटून आला की पुन्हा रंधा हातात घेत.

कपाटातला हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचे यंत्र, विकत आणला म्हणून लगेच त्याच्यावर विश्वास ठेवू नये, हे येथे सांगून ठेवतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावे, त्यात ते ओलसर होईल इतकेच पाणी घालावे, विरघळू देऊ नये, आणि ते झाकण हायग्रोमीटरसह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी काटा ७५ वर असला पाहिजे. जेवढा फरक दिसेल तेवढा कायमचा लक्षात ठेवावा. ओलाव्यासाठी कपाटात जो स्पंज ठेवतात त्याला शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे, कारण आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार स्पंजमध्ये बसतात आणि एका हंगामात स्पंज दगड होतो. आणि कृपा करून सिगार फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात ठेवू नये; ती तेथे सुकते आणि मेथीचा वास घेते. कूलरसमोर ठेवणारेही आम्ही पाहिले आहेत. वाळ्याच्या वासाची सिगार ज्याला आवडत असेल त्याने ती जरूर ठेवावी.

धंदा मोडायची वेळ आली ती भारनियमनाच्या वर्षांत. मराठवाड्यात तेव्हा वीज दिवसातून कित्येक तास जात असे आणि आमच्या वातानुकूलन यंत्राचा भार इन्व्हर्टरच्या आवाक्याबाहेर होता. त्यातच मुंबईच्या एका आयातदाराकडून आलेला मोठा माल ट्रान्सपोर्टच्या पत्र्याच्या गोदामात भर मे महिन्यात पडून राहिला. तंबाखूच्या पानात भुंगेऱ्याची अंडी असू शकतात; थंड जागी ती निपचित राहतात आणि उष्मा वाढला की उबतात. म्हणून चांगला कारखानदार किंवा आयातदार माल बाहेर काढण्यापूर्वी उणे वीस अंशांच्या आसपास काही दिवस गोठवतो. हा माल गोठवलेला नव्हता. पेट्या कपाटात गेल्या, आणि पुढच्या काही आठवड्यांत एकेका सिगारवर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसू लागली. पेटी उलटी करून आपटली की तळाशी तपकिरी भुकटी पडायची. आमचा जुना, मुरलेला, दोन-दोन वर्षे सांभाळलेला मालही त्यात गेला.

आयातदाराने जबाबदारी नाकारली. माल निघाला तेव्हा चांगला होता, असे त्याचे म्हणणे होते, आणि पत्राचे उत्तर देण्याइतकेही सौजन्य त्याने पुढे दाखवले नाही. ती रक्कम आमच्या खतावणीत अजून येणे म्हणून उभी आहे. जे वाचले ते शेजारच्या आइस्क्रीमवाल्या भाऊंमुळे वाचले. त्यांच्याकडे जनरेटर होता आणि डीप फ्रीझर होता. आंब्याच्या आइस्क्रीमला तंबाखूचा वास लागेल या धास्तीने ते आधी तयार नव्हते, परंतु प्रत्येक पेटी दोन-दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, वर चिकटपट्टी लावून आम्ही त्यांना वास घ्यायला दिली, तेव्हा त्यांनी खालचा एक कप्पा रिकामा करून दिला. गोठवलेली सिगार थेट बाहेर काढायची नसते. आधी एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग कपाटात, नाहीतर रॅपरला तडा जातो. भाऊंनी भाडे घेतले नाही. त्यांच्या नातवाच्या लग्नात आम्ही घरच्यासारखे वावरलो ते काही उगाच नाही.

आम्ही असे उताणे पडलेले असताना जालना रोडवर नवे दुकान उघडले. काचेचा दरवाजा, आत पिवळे दिवे, आणि प्रत्येक क्युबन सिगार आमच्या निम्म्या भावाने. हॉटेलाचे खाते त्यांनी महिन्याभरात नेले. लोक आम्हाला तोंडावर म्हणू लागले की तुम्ही इतकी वर्षे लुटत होता. हे शब्द आम्ही विसरलेलो नाही आणि म्हणणाऱ्यांचे चेहरेही नाहीत.

त्या काळात एकच गिऱ्हाईक रोजच्यासारखे येत राहिले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, ज्यांना अण्णांपासून सगळे साहेब म्हणत. रोज संध्याकाळी यायचे, एकच सिगार निवडायचे, ती निवडायला वीस मिनिटे घ्यायचे, आणि घरी जाऊन गच्चीवर ओढायचे. एके दिवशी ते त्या दुकानातून कोहिबा या क्युबन सिगारची, रोबुस्टो आकाराची पेटी घेऊन आले आणि आमच्या गल्ल्यावर ठेवली. पेटीचे झाकण काचेचे होते. खरी कोहिबा काचेच्या झाकणात येत नाही, हे आम्हाला तेथेच कळले, पण साहेबांना मोजून पाहायचे होते. त्यांनी पिशवीतून व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचे उपकरण, काढला. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत सांगतात. रोबुस्टो ५० ची, म्हणजे १९.८ मिलिमीटर, आणि लांबी १२४. पेटीतल्या पहिल्या पाच नगांत एक १८ भरला आणि एक २१. मग सराफ्यातून काटा आणवला, तर वजनांतही तसाच घोळ.

“शेठ,” साहेब म्हणाले, “क्युबात वळणाऱ्याच्या पाटावर जाडी मोजायचा साचा असतो. असे काम करणारा माणूस दुपारपर्यंतही टिकला नसता.”

मग त्यांनी ब्लेडने एक सिगार उभी चिरली. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारमध्ये फिलरची, म्हणजे आत भरलेली, पाने टोकापासून टोकापर्यंत सलग असतात, आणि झाडाच्या वरच्या भागातले जाड, कडक पान, ज्याला लिगेरो म्हणतात, ते सावकाश जळते म्हणून मधोमध ठेवलेले असते. येथे आत चुरा होता, एक देठाचा तुकडा होता, आणि तोंडाकडून जेमतेम दोन बोटे लांबीचे एकच नीट पान, कापल्यावर दिसावे एवढ्यापुरते. पेटीच्या तळाशी ‘एचो एन कूबा’, म्हणजे ‘क्युबात बनवलेले’, हा तापवून उमटवायचा शिक्का शाईने छापलेला होता. कारखान्याची खूण नाही, महिना-वर्ष नाही, आपल्या कायद्याचा चित्रमय इशारा नाही आणि आयातदाराचे नावही नाही. ती चिरलेली सिगार आम्ही काचेच्या बरणीत घालून गल्ल्यावर ठेवली. कोणाचे नाव घेतले नाही. विचारणाऱ्याला फक्त दाखवली.

तेव्हापासून आमच्याकडे कोणीही आले की आम्ही आधी बँड, म्हणजे नावाची कागदी पट्टी, काढून ठेवतो आणि मग सिगार हातात देतो. रॅपरला थोडी तेलकट झाक असावी, शिरा बारीक असाव्यात, रंग टोकापासून टोकापर्यंत एक असावा. बोटांनी दाबल्यावर ती किंचित दबून परत यावी. कानाशी धरून फिरवण्याचे खूळ सिनेमातले आहे, त्याने रॅपर तेवढे फाटते. कापताना टोपीच्या खांद्याखाली जाऊ नये, अन्यथा सगळे वेष्टण सुटते. पेटवण्यापूर्वी एक कोरडा झुरका घेऊन पाहावा. हवा अजिबात येत नसेल तर वळणाऱ्याने पान पिळून भरले आहे, आणि भसाभस येत असेल तर कमी भरले आहे. पेटवताना मेणबत्ती किंवा पेट्रोलचा लायटर नको. काडी वापरायची तर तिचा गंधक आधी जळून जाऊ द्यावा, बूड ज्योतीपासून थोडे दूर धरून फिरवत शेकावे आणि मगच ओढावे. मिनिटाला एक झुरका पुरे. घाई केली की ती तापते आणि कडू होते. जळणारी कड सरळ गोल राहिली, राख घट्ट आणि बोटाच्या पेराएवढी टिकली, तर वळणाऱ्याने काम केले आहे. एक बाजू पुढे पळत असेल किंवा मधोमध बीळ पडत असेल, तर भरणे विषम आहे. पहिल्या झुरक्यात अमोनियाचा झणका आला तर पान पुरते आंबवलेले नाही. ते पैसे गेले असे समजावे आणि उरलेल्या पेटीला कपाटात वर्षभर विसरावे. नुसत्या पांढऱ्या राखेवर भुलू नये. तो रंग जमिनीतल्या क्षारांमुळे येतो, मॅग्नेशियम असलेल्या जमिनीतले पान पांढरी राख देते, आणि करड्या राखेची उत्तम सिगार आम्ही पुष्कळ विकलेली आहे.

हेही लिहून ठेवतो, कारण साहेब ते प्रत्येक नव्या मुलाला सांगत. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग तिच्यानेही होतो. जो रोज दोन मागू लागतो त्याला आम्ही एक देतो. यामुळे धंदा बुडेल असे आमचा मुलगा म्हणतो, पण तो अजून बुडालेला नाही.

जालना रोडवरचे दुकान पुढे बंद झाले आणि तेथे आता मोबाइलचे दुकान आहे. मालक दुसऱ्या शहरात गेले आणि तेथे सिगारचे जाणकार म्हणून ओळखले जातात, असे ऐकतो. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, सिगार २८ टक्क्यांच्या टप्प्यात गेली आणि वर उपकर बसला. मग २०२० ची टाळेबंदी आली. त्यात सगळ्यांचे जे झाले तेच आमचे झाले. मिस्त्री आता थकले आहेत, तरी कपाटाचे दार पावसाळ्यात धरले की आपल्या मुलाला पाठवून रंधा मारून घेतात.

हॉटेलाचे खाते मात्र परत आले नाही. मागच्या दिवाळीच्या सुमाराला त्यांचा माणूस एकदा येऊन गेला. आम्ही त्याला तीन देशांचा माल काढून दाखवला, बँड काढून हातात दिला, आणि सगळे ऐकून घेतल्यावर त्याने विचारले की पाहुण्यांसमोर ठेवायला काचेच्या झाकणाची पेटी मिळेल का. नाही म्हणून सांगितले.