मायटोकॉन्ड्रिया आईचे, मग बापाचा काय संबंध?

उंदरांच्या वेगवेगळ्या स्ट्रेनमधल्या (म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वंशांमधल्या) मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांवर, काम करते असं सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात हे शाळेत शिकलेलं असतं, आणि ते खरंही आहे. पण म्हणून पेशीची ऊर्जा आईच्याच जनुकांवर ठरते असं मात्र नाही.

उंदराच्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए अवघा १६,२९९ अक्षरांचा. त्यात ३७ जनुकं, आणि प्रथिनं बनवणारी त्यातली फक्त १३. मायटोकॉन्ड्रियात राबणारी प्रथिनं मात्र हजाराच्या वर. बाकीची सगळी केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि बाहेरून आत नेली जातात. तिथे बापाचा वाटा आलाच. शिवाय प्रयोगशाळेतल्या बहुतेक जुन्या स्ट्रेनचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए जवळपास सारखाच आहे, कारण तो एकाच मादीच्या वंशातून उतरलाय. तरीही या स्ट्रेनचे ऊर्जेचे हिशेब जुळत नाहीत. म्हणजे फरकाचं मूळ बहुतांशी केंद्रकात शोधायला हवं.

याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण म्हणजे 'ब्लॅक सिक्स', जगात सर्वाधिक वापरला जाणारा काळा उंदीर. १९५१ मध्ये जॅक्सन लॅबोरेटरीतून या स्ट्रेनचे उंदीर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे गेले आणि पुढे त्यांच्या दोन शाखा झाल्या, 'जे' आणि 'एन'. दिसायला तंतोतंत सारख्या. पण 'जे' शाखेत कधीतरी 'एनएनटी' या जनुकाचे पाच तुकडे गळाले. हे जनुक केंद्रकातलं, त्याचं प्रथिन मात्र मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात बसतं. तिथल्या प्रोटॉनच्या दाबावर ते एनएडीपीएच नावाचा रेणू तयार करतं, आणि त्याच्या जिवावर पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या जाळणाऱ्या रेणूंचा निचरा करते. 'जे' शाखेत हे प्रथिनच नाही. परिणामी स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं आणि रक्तातली साखर नीट आवरत नाही.

मग हे जनुक नसणं वाईटच, असं वाटेल. हृदयात मात्र उलटं दिसलं! हृदयावर रक्तदाबाचा सततचा ताण आणला तेव्हा 'एन' शाखेचे उंदीर जास्त खचले, 'जे' शाखेचे तुलनेने तगले. कारण अशा ताणात एनएनटी उलट्या दिशेने चालायला लागतं आणि जमवलेलं एनएडीपीएच खर्चून टाकतं. ज्याच्याकडे ते प्रथिनच नाही, त्याचा साठा वाचतो. जनुकातला बदल तोच, पण एका अवयवात तोटा आणि दुसऱ्यात आधार. 'हा बदल चांगला की वाईट' असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या ऊतीत?

ऊतींचा हा फरक मोजमापात डोळ्यांना दिसतो. हृदयाचे मायटोकॉन्ड्रिया वेगळे करून ३७ अंशांवर ऑक्सिजन मोजणाऱ्या बंद कुपीत सोडायचे. पायरुवेट आणि मॅलेट हे इंधन दिलं की ऑक्सिजनची रेघ हळूहळू उतरते. एडीपी (पेशीचं ऊर्जा-चलन असलेल्या एटीपीचा कच्चा माल) टाकताक्षणी ती कडेलोट झाल्यासारखी खाली येते, आणि एडीपी संपलं की पुन्हा मंदावते. तपकिरी चरबीच्या मायटोकॉन्ड्रियांना एडीपीची वाट पाहावी लागत नाही. ते ऑक्सिजन जाळून नुसती उष्णता करत राहतात, जीडीपी टाकल्यावरच त्यांना वेसण बसते. (हा जीडीपी म्हणजे ग्वानोसिन डायफॉस्फेट, अर्थव्यवस्थेशी त्याचा संबंध नाही.) म्हणून यकृतासारख्या एकाच अवयवावरून अख्ख्या उंदराचा निकाल लावलेला मला अजिबात पटत नाही.

आता आईच्या वाट्याकडे येते, कारण तो शून्य नक्कीच नाही. ब्लॅक सिक्सचं केंद्रक तसंच ठेवून त्यात एनझेडबी या दुसऱ्या स्ट्रेनचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आणलेले उंदीर तयार केले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात हे उंदीर म्हातारपणी ब्लॅक सिक्सच्या स्वतःच्या डीएनएवाल्या उंदरांपेक्षा निरोगी राहिले. दोन्हीकडचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए एरवी पूर्ण निरोगी, कुठलाच रोग घडवणारा नव्हता. फरक पडला तो त्या १३ प्रथिनांची केंद्रकातून आलेल्या प्रथिनांशी जोडी कशी जमते यामुळे. श्वसनसाखळीतलं, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतलं, पहिलं संकुलच घ्या: त्याचे सात भाग मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून बनतात, उरलेले तीसहून अधिक केंद्रकाच्या, आणि सगळे एकमेकांत चपखल बसावे लागतात.

तेव्हा उंदरांच्या ऊर्जेबद्दलचा एखादा शोधनिबंध हातात आला, तर निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा. उंदीर 'जे' शाखेचा की 'एन', हे तिथे लिहिलेलं नसेल तर लेखकांना पत्र टाकून विचारा.