आल्टोच्या रांगेतून

क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, चार रांगा असतात: बायकांच्या उंच आवाजाची सोप्रानो, खालच्या आवाजाची आल्टो, पुरुषांच्या उंच आवाजाची टेनर, खालच्या आवाजाची बास. मी आल्टो. गाण्याची ओळखीची चाल सोप्रानोंकडे असते. आमच्या वाट्याला तिच्या खालचे सूर, कधी तर अख्खी ओळ एकाच स्वरावर. पाहुण्यांसमोर ‘एखादं गाणं म्हण गं’ झालं की आल्टोवालीची पंचाईत. एकटीने म्हटलं तर ते कुठलं गाणं आहे हेच कुणाला कळत नाही! त्यामुळे माझ्या एकटीच्या गळ्याला कुणी कुठे बोलावलं नसतं. शंभरेक जणांत उभी राहिले म्हणून कुठे कुठे गाऊन आले, ते शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इथं लिहिते.

सुरुवात आपल्याच शाळेतली. गाण्याच्या बाईंनी सकाळची प्रार्थना दोन स्वरांत बसवली आणि मला खालच्या स्वरात घातलं. ‘शेजारणीचं ऐक, पण तिच्या मागे जाऊ नकोस,’ एवढीच त्यांची शिकवण. मराठीच्या तासाला घायाळ पक्षिणीची कविता आली, सरांनी कवीचं नाव सांगितलं, ना. वा. टिळक, आणि आम्ही दोघी-तिघी ख्रिस्ती मुली एकमेकींकडे बघायला लागलो. हे तर आमचे रविवारचे टिळक! १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते आपल्या नगरला आले आणि इथंच राहून त्यांनी अभंगांच्या, ओव्यांच्या वळणाची कितीतरी भजनं लिहिली. ‘उपासना संगीत’ हे चर्चमधलं गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी त्यांचं नाव. वर्गातल्या बाकीच्यांना ते फक्त पुस्तकातले कवी वाटत, याची तेव्हा मला जरा घमेंडही होती.

कॉलेजात गेल्यावर मी मोठ्या क्वायरमध्ये आले. नाताळच्या आधी नगरमधल्या निरनिराळ्या चर्चमधली गाणारी माणसं एकत्र तालमीला बसत. शिक्षक, नर्सबाई, एसटीतले कंडक्टर, बँकेतले कारकून. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येणारे दोघं-तिघंच. बाकीच्यांनी वहीत सा-रे-ग-म लिहून घ्यायचं. पाश्चात्त्य संगीतकार हॅण्डलचं ‘हॅलेलूया’ आम्ही असंच, सरगम पाठ करून बसवलं. टेनर घाई करायचे, बासवाले उशिरा यायचे, आणि क्वायरमास्तर पेटीवर टिचक्या मारून सगळ्यांना थांबवायचे.

तयारी नाताळच्या उपासनेची, पण बोलावणी यायची भलतीकडून. पहिलं आलं जेलमधून. जायला बरेच जण नाखूश होते. तेव्हा क्वायरमास्तरांनी सांगितलं, की हॅण्डलची ही रचना १७४२ मध्ये डब्लिनला पहिल्यांदा झाली ती धर्मादाय कार्यक्रमात, आणि त्या पैशांतून कर्जापायी तुरुंगात पडलेल्या माणसांची सुटका झाली. मग कोण नाही म्हणणार? गेलो. खरं सांगायचं तर ‘हॅलेलूया’ तिथं साफ पडलं. समोरची माणसं सभ्यपणे गप्प बसून राहिली. टिळकांचं भजन सुरू केलं, ढोलकीवर थाप पडली, आणि मागच्या रांगेतून टाळ्यांचा ठेका आला. दुसऱ्या कडव्यापासून ध्रुपद आमच्याहून तेच मोठ्याने म्हणत होते. नगर रणगाडा दलाचं गाव, तेव्हा लष्कराकडूनही कॅरलसाठी, म्हणजे नाताळच्या गाण्यांसाठी, निमंत्रण आलं. तिथं नेमकं उलट: इंग्रजी गाण्यांना दाद, भजनाला नुसती मान डोलावणं.

आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर गेलो तो अनुभव वेगळाच. इतकी माणसं स्टुडिओत मावेनात म्हणून निम्मीच नेलेली. लाल दिवा लागला की खोकायचं नाही, वहीचं पान उलटायचं नाही. प्रसारणाच्या दिवशी आई रेडिओला कान लावून बसली. शेवटी म्हणाली, ‘तुझा आवाज कुठं आला?’ आला नाही, हेच तर आमचं काम, असं तिला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला.

गांधी जयंतीच्या सर्वधर्म प्रार्थनेत आम्ही दरवर्षी असतोच. तिथं भाषणं फार होतात आणि गाणं दोन मिनिटांत उरकावं लागतं, म्हणून मला तो कार्यक्रम विशेष आवडत नाही.

सगळ्यात जास्त गाणं होतं ते मात्र मयतीला. त्याची तालीम नसते. फोन येतो, जमतील तितके निघतात. एकदा दफनाच्या आधी घराच्या अंगणात आम्ही जेमतेम सात-आठ जण होतो आणि बास एकही नव्हता. शेजारच्या भजनी मंडळातले काका भिंतीपाशी उभे होते. अभंगाची चाल ओळखीची वाटली असावी. ते घरात जाऊन टाळ घेऊन आले आणि आमच्या मागे उभे राहिले. त्यांना शब्द येत नव्हते, पण खालचा षड्ज त्यांनी शेवटपर्यंत लावून धरला. पाळकसाहेबांनी त्यांना वहीच दिली. त्यानंतर दोन-तीनदा ते नाताळलाही आले.

सध्या टेनर कमी पडताहेत. शनिवारी संध्याकाळी तालीम असते. सुवर्णमहोत्सवाला आलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाला वर चढणारा आवाज असेल तर या. सरगम आम्ही लिहून देऊ.