तीनशे चौसष्टावे अक्षर

पुण्यातील ज्या प्रयोगशाळेत मी गेली अनेक वर्षे तंतुमय बुरशींवर काम करते आहे, तेथे दर हंगामात द्राक्षबागांतील मातीचे आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे नमुने येतात. त्यांतून आम्ही अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस ही बुरशी वेगळी काढतो. तिला ओळखून काढणे तसे सोपे आहे, कारण उबवणीपेटी ४५ अंशांच्या वर नेली की बहुतेक बुरशी मान टाकतात, आणि ही मात्र निळसर हिरव्या मखमलीसारखी प्लेटभर पसरते. तिचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही. पण केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयवरोपण झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसात हीच बुरशी जीवघेणी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशींची जी प्राधान्ययादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात ही बुरशी आहे. अशा रुग्णाला व्होरिकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल देतात, आणि द्राक्षावरच्या भुरीसाठी फवारले जाणारे हेक्झाकोनॅझोल वा टेब्युकोनॅझोलही त्याच अ‍ॅझोल कुळातले आहे. दोन्हींचा मारा बुरशीच्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) होतो. म्हणून बागेत औषधाला न जुमानणारा बीजाणू तयार झाला, तर तो रुग्णापर्यंत पोहोचताना तीच ताकद घेऊन पोहोचतो. आमच्या कामाचे कारण एवढेच आहे.

त्या शुक्रवारी दुपारी माझी एक संशोधक विद्यार्थिनी लॅपटॉप उघडाच हातात धरून खोलीत आली. लिटरला ४ मिलिग्रॅम इट्राकोनॅझोल घातलेल्या प्लेटवर तिच्या एका नमुन्यातली वसाहत बिनदिक्कत वाढली होती. त्या बुरशीचे सीवायपी५१ए हे जनुक, म्हणजे वर सांगितलेले विकर घडवणारे जनुक, तिने सुरुवातीच्या एटीजी या तीन अक्षरांपासून प्रती वाढवून वाचून घेतले होते आणि डेटाबेसमधून उतरवलेल्या संदर्भ अनुक्रमाशी लावून पाहिले होते. डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो; येथे फरक एका अक्षराचा होता. ३६४ व्या जागी टी असायला हवा, तेथे ए होता. प्रथिनात तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल येते, म्हणून तिने ३६४ ला ३ ने भागले. १२१ त्रिके पूर्ण होऊन एक अक्षर उरले, म्हणजे बदल १२२ व्या अमिनो आम्लात. या जागेचा बदल तिला कोणत्याही शोधनिबंधात सापडला नव्हता. “मॅडम, हे नवीन आहे,” ती म्हणाली. एका परिषदेसाठी सारांश पाठवायची मुदत त्याच रात्री संपत होती आणि तिचे शीर्षक लिहून तयार होते.

मलाही क्षणभर ते पटले, कारण शेजारचे १२१ वे स्थान प्रसिद्धच आहे. तेथील टायरोसीन हे अमिनो आम्ल बदललेले प्रतिरोधी वाण अनेक देशांत सापडले आहेत. परंतु नवीन काही सापडले की प्रथम आपली मोजणी तपासावी, ही सवय मला माझ्या मार्गदर्शकांनी लावली आहे. मी तिला म्हटले, “जनुकाचे पान उघड आणि प्रथिनातले १२२ वे अमिनो आम्ल वाच.” तिने फंगीडीबी या बुरशींच्या जनुकांच्या डेटाबेसवर एएफ२९३ या संदर्भ वाणाचे पान उघडले. तेथले १२२ वे अमिनो आम्ल तिच्या संदर्भ अनुक्रमातल्या त्या त्रिकातून निघणाऱ्या अमिनो आम्लाशी जुळत नव्हते.

एएफ२९३ हे रुग्णापासून मिळालेले वाण आहे. त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, २००५ मध्ये ‘नेचर’च्या ज्या अंकात छापून आला, त्याच अंकात अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स आणि जपानी किण्वनात वापरली जाणारी अ‍ॅस्परजिलस ओरायझी यांचेही जीनोम होते. आठ गुणसूत्रे, सुमारे २ कोटी ९४ लाख अक्षरे आणि दहा हजारांच्या आतबाहेर जनुके. एवढ्या पसाऱ्यात आमचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर एएफयू४जी०६८९० या क्रमांकाने नोंदलेले आहे. पानावर जनुकाचे छोटे चित्र असते, जे घाईत कोणी पाहत नाही. आम्ही ते मोठे करून पाहिले. दोन ठोकळे, आणि त्यांना जोडणारी एक बारीक रेघ. ती रेघ म्हणजे इंट्रॉन, प्रथिन घडण्याआधी पेशी जो तुकडा कापून टाकते तो. त्याची लांबी ७१ अक्षरे, आणि तो ३६४ व्या अक्षराच्या अलीकडेच संपतो.

तिने डेटाबेसमधून अनुक्रम उतरवताना जीनोममधला सलग अनुक्रम निवडला होता, इंट्रॉन वगळलेला नव्हे. यात चूक काहीच नव्हती, कारण तिने वाचलेला डीएनएही बुरशीच्या जीनोममधलाच होता आणि त्यातही इंट्रॉन होताच. चूक भागाकाराच्या वेळी झाली. ३६४ मधून ७१ वजा केले की २९३ राहतात. २९३ ला ३ ने भागले की ९७ त्रिके पूर्ण होऊन दोन अक्षरे उरतात. म्हणजे ९८ व्या त्रिकाचे दुसरे अक्षर. त्या जागी ल्युसीनऐवजी हिस्टिडीन. पेन्सिलने वहीच्या समासात केलेले हे गणित आम्ही दोघी काही वेळ नुसते बघत राहिलो. एल९८एच (एल म्हणजे ल्युसीन, एच म्हणजे हिस्टिडीन) हा बदल या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१२ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी तो भारतातील मातीतून मिळालेल्या वाणांत दाखवला आहे. शोधनिबंध चाळल्यावर दिसले की काही लेखकांनी तो टी३६४ए असा, इंट्रॉन धरून मोजलेल्या क्रमांकानेही लिहिलेला आहे. तिने शोध घेतला होता तो १२२ या आकड्याचा, त्यामुळे ते निबंध तिच्या हाती लागलेच नव्हते.

ती हिरमुसली, आणि ते साहजिक होते. मला मात्र त्या पानाबद्दल फार कृतज्ञता वाटली. जीनोम यंत्र वाचते, पण जनुक कोठे सुरू होते, इंट्रॉन कोठे कापला जातो, कोणत्या निबंधात त्याबद्दल काय दाखवले आहे, हे कोणी तरी एकेक निबंध वाचून नोंदवलेले असते. अ‍ॅस्परजिलससाठी हे काम वर्षानुवर्षे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ‘अ‍ॅसपीजीडी’ या डेटाबेसच्या संपादकांनी केले. त्यांचा निधी थांबला तेव्हा ती नोंदणी फंगीडीबीत सामावली गेली. पुढे २०२४ मध्ये फंगीडीबीच्या मूळ प्रकल्पाचा अमेरिकी शासनाशी असलेला करारही संपला आणि वापरणाऱ्यांकडे वर्गणी मागायची वेळ आली. आमच्यासारख्या प्रयोगशाळेला, जिला स्वतःचा जीनोम वाचून त्याची नोंदणी करणे परवडत नाही, हे पान बंद पडले तर काय उरेल, याची मला मनापासून काळजी वाटते.

सारांश त्या रात्री पाठवायचा नाही, असे आम्ही ठरवले. काम अर्धेच झाले होते. एल९८एच निसर्गात सहसा एकटा आढळत नाही; जनुकाच्या अलीकडे, ज्या भागावरून जनुक किती चालवायचे हे ठरते, तेथे ३४ अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलेला असतो, आणि दोन्ही मिळूनच पूर्ण प्रतिरोध उभा राहतो. तिचे वाचन एटीजीपासून सुरू झाल्यामुळे तो भाग तिच्या हातात आलाच नव्हता. हुरूप आल्यासारखी ती पुन्हा खुर्ची ओढून बसली. त्याच पानावरून तिने जनुकाच्या अलीकडची ५०० अक्षरे उतरवून घेतली, आणि या वेळी मोजणी कोठून आहे हे फाइलच्या नावातच लिहिले. संध्याकाळपर्यंत नव्या प्रायमरची, म्हणजे हवा तो भाग वाढवून घेण्यासाठी लागणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांची, जोडी ठरली. रात्री आठ वाजता इमारतीचा शिपाई दिवे मालवायला आला, तेव्हा ती मागणी नोंदवत होती.

पुढच्या आठवड्यात अनुक्रम आला. तिने तो पडद्यावर संदर्भाखाली लावला आणि वरच्या ओळीत मोठी मोकळी जागा पडली, कारण खालच्या ओळीत अक्षरे जास्त होती. बोट ठेवून आम्ही ती मोजली. चौतीस. आणि ती त्यांच्या आधीच्या चौतीस अक्षरांशी तंतोतंत जुळत होती.