३ डिसेंबरला कोणता सिनेमा दाखवू?

दिवाळीची सुट्टी संपली की हा प्रश्न यायला लागतो. शाळेतले शिक्षक विचारतात, महिला मंडळं विचारतात, कधी एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात. अंध विद्यार्थ्यांसाठी मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देते हे ओळखीपाळखीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे ३ डिसेंबरचा जागतिक अपंग दिन जवळ आला की फोन वाजतो : ‘ताई, त्या दिवशी दाखवायला एखादा छानसा प्रेरणादायी सिनेमा सुचवा ना.’

मी दर वेळी एकच नाव सांगते. सई परांजपे यांचा ‘स्पर्श’. पलीकडून उत्तरही ठरलेलं : ‘चश्मे बद्दूर’ पाहिलाय, ‘कथा’ तर कितीदा पाहिलाय, हा कुठला? फोनवर सगळं सांगून होत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

‘स्पर्श’ खरं तर या दोन्हींच्या आधीचा. आकाशवाणी पुणे केंद्र, मग नाटकं, दिल्ली दूरदर्शन, मुलांसाठीचे चित्रपट असा प्रवास करून सईताईंनी मोठ्यांसाठी केलेला हा पहिला चित्रपट. निर्माते बासू भट्टाचार्य. २७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट हाच ठरला, नसीरुद्दीन शाह यांना अभिनयाचा आणि सईताईंना पटकथेचा पुरस्कार मिळाला. एवढं होऊनही सिनेमा जवळजवळ चार वर्षं डब्यात पडून राहिला. तोवर १९८१ मध्ये ‘चश्मे बद्दूर’ आला, १९८३ मध्ये ‘कथा’ आला, आणि सई परांजपे म्हणजे खुसखुशीत विनोद हे समीकरण पक्कं झालं. मग थिएटरात आलेल्या या गंभीर, कमी पैशात केलेल्या सिनेमाकडे वळून बघायला फारसं कोणी उरलं नव्हतं. १९८५ मध्ये फिल्मफेअरने त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार दिला, तरी घराघरात तो पोचला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

गोष्ट दिल्लीतली. अनिरुद्ध परमार (नसीरुद्दीन शाह) हा नवजीवन अंधविद्यालयाचा प्राचार्य, स्वतः अंध. डॉक्टरांकडे निघालेला असताना त्याच्या कानावर एक गाणं पडतं आणि त्या आवाजामागे जात तो भलत्याच दारात उभा राहतो. गाणारीचं नाव कविता (शबाना आझमी). तीन वर्षांच्या संसारानंतर नवरा गेलेला, मंजू नावाची एक मैत्रीण सोडली तर कोणात मिसळायचं नाही असं ठरवून बसलेली. पुढे मंजूच्याच घरच्या पार्टीत दोघं पुन्हा भेटतात, तो तिला आवाजावरून ओळखतो. शाळेत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला, गाणी शिकवायला, हस्तकला घ्यायला माणसं हवी आहेत असं तो सांगतो. ती आढेवेढे घेते, मग जाते. ओळख वाढते, लग्न ठरतं.

आणि मग तो ते लग्न मोडतो, कारणही न सांगता.

फोन करणाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा ते जरा गडबडतात. त्यांना अडचणींवर मात करणारा नायक हवा असतो. इथला नायक प्राचार्य आहे, हुशार आहे, विद्यार्थ्यांसाठी जीव टाकणारा आहे, आणि तितकाच हट्टी, संशयी, तुसडाही आहे. कविता त्याच्या ऑफिसात आलेली असते. तो तिला कॉफी देत असताना ती मदतीला हात पुढे करते आणि तो दुखावतो. आपल्याकडे आलेल्या पाहुणीला आपण कॉफीसुद्धा देऊ शकत नाही, असं तिला वाटलं, हे त्याला झोंबतं. अंधांना मदत जरूर हवी, पण ‘बेचारा’ म्हणून टाकलेली भीक नको, हे त्याचं तत्त्व आहे. तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. पण ते वापरताना तो समोरच्या माणसाला दुखावतो, हेही सिनेमा लपवत नाही.

‘स्पर्श’ मला सगळ्यात जवळचा वाटतो तो यासाठी. त्यातल्या अंध माणसाला चुकण्याचा हक्क आहे.

आपल्या पडद्यावर हा हक्क फार कमी जणांना मिळालाय. अंध व्यक्ती म्हणजे एक तर देवमाणूस, नाही तर कुणीतरी रस्ता ओलांडून द्यायची वाट बघणारी. आणि शेवटी दृष्टी परत येणार. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये साईबाबांच्या मंदिरात आईला दिसायला लागतं आणि टाळ्या पडतात. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांवर माझा राग नाही. पण त्यानंतर दोन-तीन वर्षांतच एका बाईने असा सिनेमा करून ठेवला होता, ज्यात ऑपरेशन नाही, चमत्कार नाही, अंधत्व शेवटपर्यंत आहे तिथंच आहे आणि गोष्टीतली गाठ दुसरीकडेच आहे.

ती गाठ अशी. अनिरुद्धचा एक अंध मित्र आहे, दुबे. ओम पुरींनी तो केलाय. दुबेची बायको नुकतीच गेलेली. आपला संसार सुखाचा नव्हता हे तो अनिरुद्धपाशी मोकळेपणाने बोलून दाखवतो. तेवढ्यावर अनिरुद्ध आतून हलतो. कविता आपल्याशी लग्न करतेय ते प्रेमापोटी, की आयुष्यात झालेली पोकळी त्यागाने भरून काढायला? आपण तिला नवरा म्हणून हवे आहोत, की सेवेचं निमित्त म्हणून? हा संशय एकदा शिरला की तिचा प्रत्येक शब्द त्याला दयेचा वाटू लागतो.

आणि हा संशय अगदी निराधारही नाही, इथं सईताईंची लेखणी मला थोर वाटते. कविताला खरोखरच कशाला तरी स्वतःला वाहून टाकायचं आहे. दुःखातून उठायला तिला ती मुलं लागतात. माझ्यासारख्या मदत करायला जाणाऱ्या प्रत्येकाने तिच्याकडे नीट बघावं. आपण जातो ते समोरच्याला गरज आहे म्हणून, की आपली दुपार रिकामी आहे म्हणून? बहुधा दोन्ही खरं असतं. सिनेमा त्याबद्दल कविताला शिक्षा करत नाही, फक्त तिला ते ओळखायला लावतो.

माझ्याकडून रेकॉर्डिंग घेणारी मुलं काही पाया पडत नाहीत. तक्ते गाळू नका, आकृतीखालची ओळ वाचा, पान क्रमांक सांगा, नाट्यमय वाचू नका, आम्ही दुप्पट वेगाने ऐकतो, अशा त्यांच्या सूचना असतात. एक मुलगा तर दर धड्यानंतर तक्रारींची यादीच पाठवतो. मला ते आवडतं. त्या यादीत आमचं नातं सरळ आहे : त्याला अभ्यास करायचा आहे, मला चांगलं वाचायचं आहे.

‘स्पर्श’मध्येही नातं असंच सरळ व्हायला लागतं, आणि तेही लग्न मोडल्यावर. कविता शाळा सोडून जात नाही. ती तिथंच राहते, आता पगारी नोकर म्हणून. आधी ती सेवा करत होती, आता ती काम करते. प्राचार्य आणि कर्मचारी अशी दोघं रोज एकमेकांसमोर येतात, कोरडं कोरडं बोलतात, मुलांसमोर काही दिसू देत नाहीत. महिने असेच जातात. दोघांनाही आयुष्याची दुसरी संधी द्यायची तर दिग्दर्शक पावसात त्यांची भेट घडवू शकली असती. तिने त्यांना हजेरीपट आणि वर्ग दिले. राग, अपमान, ओढ सगळं त्या कामाच्या आड साचत जातं, आणि दोघांपैकी एकाला शाळा सोडावी लागणार अशी वेळ आल्यावर ते बाहेर पडतं. शेवट सांगत नाही. इतकंच सांगते की अनिरुद्धला जे शिकावं लागतं ते डोळ्यांशी निगडित नाही. दुसऱ्याने दिलेलं घेता येणं, त्याचा हिशेब न मांडता, हे त्याला शिकावं लागतं.

नसीरुद्दीन शाह यांच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नजर कुठेही टेकत नाही, पण माणूस पूर्ण हजर असतो. बोलणाऱ्याकडे तो आधी कान देतो, मग चेहरा वळवतो. स्वतःच्या खोलीत सराईतपणे वावरणारा अनिरुद्ध अनोळखी जागी किंचित आखडतो, हा फरक त्यांनी सगळीकडे सांभाळलाय. कविता सुंदर आहे हे तो तिच्या आवाजावरून, तिच्या गंधावरून, स्पर्शावरून सांगतो. शबाना आझमी तेव्हा जे काही चेहऱ्यावर आणतात, ते अनिरुद्धला दिसत नाही आणि आपल्याला दिसतं. तिथं मला दर वेळी अवघडल्यासारखं होतं, त्याचं खासगी काहीतरी आपण चोरून बघतोय असं. कनू रॉय यांचं संगीत अगदी मोजकं आहे. इंदू जैन यांचं ‘ख़ाली प्याला’ सुलक्षणा पंडित यांच्या आवाजात सुरू होतं तेव्हा आपणही अनिरुद्धसारखे त्या दारात थांबतो. रेडिओत घडलेल्या बाईने केलेला सिनेमा आहे हा, कानाला कळतं ते.

अंधांची भूमिका डोळस नटांनी का करावी, असं आज विचारलं जातं. रास्त प्रश्न आहे. पण बरंचसं चित्रीकरण दिल्लीतल्या खऱ्या अंधशाळेत झालंय आणि पडद्यावरची मुलं त्याच शाळेतली आहेत, हेही लक्षात घ्यावं. ती मुलं भांडतात, चेष्टा करतात, उलट उत्तरं देतात. कुठंही त्यांना कॅमेऱ्यासमोर केविलवाणं उभं केलेलं नाही. अपंगांच्या हक्कांचा पहिला कायदा आपल्याकडे १९९५ साली झाला, त्याजागी २०१६ चा नवा आला. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के जागा आता कायद्याने राखीव आहेत. ‘स्पर्श’ आला तेव्हा यातलं काही नव्हतं, आणि तरी त्यात एक अंध माणूस संस्थेच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसून डोळस माणसांना कामं सांगत होता.

दोष आहेतच. उत्तरार्ध मला लांबलेला वाटतो, आणि मंजू कधी कधी आपल्याला आधीच कळलेलं पुन्हा समजावून सांगते. तेवढं चालवून घ्यावं.

आता तुमच्या कार्यक्रमाचं. सिनेमा एका तासिकेत बसणार नाही, तुकडे पाडून दाखवू नका. आठवीच्या खालच्या मुलांना कंटाळा येईल. त्यांच्यासाठी त्या दिवशी एखाद्या अंध माणसाला बोलवा आणि मुलांना हवं ते विचारू द्या. मोठ्यांना दाखवलात तर नंतर भाषण ठेवू नका, अनिरुद्ध बरोबर वागला का एवढंच विचारा आणि भांडू द्या. आणि प्रेक्षकांत अंध मंडळी असतील, असावीतच, तर त्यांच्या शेजारी असा एकजण बसवा जो संवाद नसताना पडद्यावर काय चाललंय ते एका वाक्यात, हळू आवाजात सांगेल. त्याने सिनेमा आधी पाहिलेला असला पाहिजे. कोणी मिळालं नाही तर मला आठ दिवस आधी कळवा, मी येईन.