मंडईतला धुमाल

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरहून एसटीने साकोलीला उतरलो आणि पुढे मित्राच्या मोटारसायकलवर त्याच्या गावी पोचलो. दिवाळी झाली की भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. दिवसा दंडार (इकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य), घरोघरी पाहुणे, रस्त्याच्या कडेला शिंगाड्यांचे ढीग, रात्री नाटक. यंदा गावाने वर्गणी करून धुमालही, म्हणजे ट्रकवरून वाजवणाऱ्यांचा ताफाही, बोलावला होता. मी आलो होतो तो त्यासाठीच.

"डीजे किती वाजता?" असं विचारून बसलो. मित्राचा पुतण्या भडकलाच. "काका, डीजेवाला बटन दाबते. हे पोट्टे वाजवते!"

खरं होतं त्याचं. ट्रकवर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर. पुढे एक कीबोर्डवाला (कंपनी कुठलीही असो, त्याला म्हणायचं कॅसिओच) आणि दोन ऑक्टापॅडवाले. गाणारा कोणीच नाही. गाण्याची ओळ कॅसिओ म्हणतो, बाकी सगळं काड्यांवर.

मी ट्रकला खेटूनच उभा राहिलो. ऑक्टापॅड म्हणजे पाटीसारखं यंत्र, वर रबराचे आठ चौकोन. रोलँड या जपानी कंपनीने पहिला १९८५ साली काढला. इथे त्याच्या एका चौकोनातून ढोलकी निघत होती, शेजारच्यातून हलगी, कोपऱ्यातल्यातून घुंगरू. वाजवणारा असेल वीस-बावीसचा. बोटांना पांढरी चिकटपट्टी, डोळे अर्धवट मिटलेले. मधला एक चौकोन घासून गुळगुळीत झाला होता.

नाचणारे मागे होते. पुढच्या रांगेतले मात्र जागचे हलत नव्हते. मोबाइल वर, कॅमेरा थेट काड्यांवर. लांबलचक रोल पडला की "ए भाऊऽऽ!" अशी दाद, हात चुकला की लगेच एकमेकांकडे बघणं. शास्त्रीय मैफलीत मी इतकं कान देऊन ऐकणारे फार पाहिले नाहीत.

आवाजाचं काय सांगू? २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. समोरच्या टपरीवर चहाचा ग्लास आपला आपण फळीच्या काठाकडे सरकत होता. हे कौतुकाने सांगत नाही, माझे कान पुढचे दोन दिवस वाजत होते.

ऐन रंगात जनरेटर बंद पडला. डिझेल संपलं! ऑक्टापॅडवाल्याच्या काड्या मात्र थांबल्या नाहीत. तो तसाच वाजवत राहिला, आणि रबरावरचं नुसतं टप टप टप आम्हा पुढच्या चौघा-पाचांना ऐकू आलं. शेवटी बांधीवरून धानाचे भारे घेऊन आलेल्या एकाने ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीने डिझेल काढून दिलं. तोवर कोणीही जागचं हललं नव्हतं.

मित्राची आजी दुपारपासून कानांवर पदर घेऊन ओसरीत बसली होती. "जीव घेते मेले," हे तिचं दर दहा मिनिटांनी. रात्री जेवताना मी सहज विचारलं, "आजी, फारच त्रास झाला ना?"

भाताचा घास तसाच हातात धरून ती म्हणाली, "त्रासाचं सोड बाप्पा. पर मांगच्या साली आला होता ना, त्या पोट्ट्याचा हात साफ होता."