सूर्य मावळायच्या आत रोजी

रविवार, रात्र

आजचा पाठ बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातला, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. हा दृष्टांत देवाच्या कृपेविषयी आहे हे खरंच. पण कृपेपर्यंत पोचायच्या घाईत त्यातला रोख व्यवहार आपण वाचतच नाही. नागपुरात सकाळी ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, मिस्त्री, कुली आणि रेजा (बांधकामावरच्या मजूर बाया) कामाची वाट पाहत उभे असतात. इथे तरी तो व्यवहार आधी वाचला पाहिजे.

मळ्याचा धनी पहाटे स्वतः बाहेर पडतो. काम सुरू होण्याआधीच रोजी ठरते: एक दिनार, म्हणजे त्या काळी मजुराची दिवसभराची कमाई. मग तो नऊला जातो, बाराला, तीनला आणि पुन्हा पाचला. पाचपर्यंत उभे असलेले सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. आपल्याकडे अकरा वाजले की ठिय्यावर उरलेल्यांचा दिवस गेला. उरतात ते बहुधा म्हातारे, लेकरू कडेवर असलेल्या बाया, पाय दुखावलेला माणूस. भूक मात्र त्यांनाही पूर्ण दिवसाचीच लागते. धन्याने पाचला आलेल्यांच्याही हातावर पूर्ण दिनार ठेवला तो याच हिशेबाने, असं मला वाटतं.

आणि संध्याकाळ होताच तो कारभाऱ्याला पैसे वाटायला सांगतो. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२४:१५) आज्ञाच आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. याकोब आपल्या पत्रात (५:४) तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयीच्या परिपत्रात याच वचनाचा आधार घेतला. आपल्या २०१९ च्या वेतन संहितेतही रोजंदारीचे पैसे पाळी संपतानाच द्यावेत असं आहे.

तरी “उद्या देतो” चालूच असतं. त्याने होतं काय? रात्रीचा किराणा उधारीवर येतो. दुसऱ्या दिवशी चांगलं काम मिळत असलं तरी मजूर जुन्याच ठेकेदाराकडे जातो, कारण मागचे पैसे तिथे अडकलेले असतात. आठवडाभरात ती थकबाकीच त्याला बांधून ठेवते. देणाऱ्याला हा एका दिवसाचा उशीर वाटतो. माझ्या मते ती चोरीच आहे.

घरी प्लास्टर किंवा खोदकाम काढणाऱ्याने सकाळीच चार गोष्टी सर्वांसमोर बोलाव्यात: रोजी किती, काम किती वाजेपर्यंत, जेवणाची सुट्टी किती, अर्धा दिवस कधी धरणार. भांडणं बहुतेक या शेवटच्या गोष्टीवरून होतात. रेती आली नाही म्हणून दोन वाजता काम थांबलं, तर चूक मजुराची नाही. रोजी पूर्ण द्यावी. सुटे पैसे दुपारीच आणून ठेवावेत. फोनवरून पाठवायचे तर ज्याचे त्याच्या खात्यावर. सगळे ठेकेदाराच्या खात्यावर टाकले की किती कापले गेले ते कळत नाही. रेजाची रोजी तिच्याच हाती द्यावी, नवऱ्याच्या नाही. आणि डिसेंबरात नागपूरला सहाच्या आतच अंधार पडतो, तेव्हा हिशेब पाचला सुरू करावा.

दृष्टांतात पाचला आलेल्यांनाही तेवढीच रोजी मिळाली म्हणून पहाटेपासून राबलेले कुरकुरताना म्हणतात, आम्ही दिवसभराचं ओझं आणि ऊन सोसलं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हे वाक्य इथे कोणाला समजवावं लागत नाही. काम सहाला सुरू करून अकरा-साडेअकराला थांबवावं, उरलेलं चारनंतर. पाण्याचा माठ सावलीत आणि कामाच्या जवळ हवा. दूर असला की बाया पाणी पिणं टाळतात.

आणखी एक, जे फार थोडे करतात. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ठेकेदार सही द्यायला टाळाटाळ करतात, आणि मंडळाकडून मिळणारी मुलांच्या शिक्षणाची मदत तिथेच अडते. म्हणून कामाच्या पहिल्या दिवसापासून वहीत तारीख आणि नाव लिहीत जावं, म्हणजे शेवटी ठेकेदाराला हजेरी दाखवून सही मागता येते.