रंगावर आवळलेला बोल्ट

आजचा अख्खा रविवार जीपच्या बॉनेटखाली गेला. पुढे दोन जादा लाइट बसवायचे, एवढंच काम. तासाभरात उरकतो म्हणालो होतो. (हे मी दर वेळी म्हणतो.)

हिशेब सोपा होता. 60 वॅटचे दोन म्हणजे 120, 12 व्होल्टवर 10 अँपिअर. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या नाजूक स्विचमधून न्यायचा नाही, म्हणून रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांना नंबर असतात: 30 ला बॅटरी, 87 ला लाइट, 86 ला स्विच, 85 ला अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडायची वायर). 15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण वायर बॅटरी आणि फ्यूजच्या मध्ये कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवायला कोणीच नसतं.

स्विच दाबला. रिले 'टक्' वाजला, लाइट मात्र काजव्यासारखे मिणमिणले. दोन तास वायरी उलटसुलट केल्या, रिलेला शिव्या घातल्या. शेवटी मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं, लाइटच्या अर्थचा बोल्ट मी थेट रंगावरच आवळला होता, आणि रंगातून करंट नीट जात नाही! पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, बोल्ट पुन्हा आवळला, आणि समोरची भिंत पांढरीफटक.

वायर केबिनमध्ये शिरते तिथलं रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेने वायर कापू नये म्हणून बसवायची कडी) राहिलंय. ते बसेपर्यंत गाडी खडकात न्यायची नाही, असं स्वतःलाच बजावलंय.